सुरी कोरडी निघाली म्हणजे केक झाला?

पुण्यातल्या घरगुती बेकिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक सूचना पुन्हापुन्हा फिरत असते: केक १८० अंशांवर बरोबर ३५ मिनिटे ठेवावा, केक होईपर्यंत ओव्हनचे दार उघडू नये, आणि वरून तांबूस रंग आला व सुरी कोरडी निघाली की तो झाला असे समजावे. यातले एकही विधान जसेच्या तसे स्वीकारण्याजोगे नाही.

मिनिटांचा आकडा टिनवर अवलंबून असतो. तेच बॅटर अरुंद, खोल टिनमध्ये ओतले तर मध्यभाग शिजायला बराच जास्त वेळ घेतो. दाराबाबतची ताकीद पहिल्या अर्ध्या वेळापुरती रास्त आहे, कारण अंड्यातील प्रथिने आणि मैद्यातील स्टार्च घट्ट होण्याआधी उष्णता कमी झाली तर फुगलेला केक मध्येच बसतो. मात्र दार न उघडता सुरी कशी खुपसायची, हे सूचना लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

कणीक-गुळाचा किंवा कोकोचा केक कच्चा असतानाच तपकिरी असतो. शिट्टी आणि रिंग काढून कुकरमध्ये केलेल्या केकला वरून रंग जवळजवळ येतच नाही. त्याची वाट पाहिली तर तळ करपतो.

सर्वांत फसवी खूण सुरीची. गुळगुळीत पात्याला ओले बॅटर नीट चिकटत नाही आणि पाते वर येताना केकलाच पुसले जाते, म्हणून लाकडी टूथपिक घ्यावी आणि ती कडेला नव्हे, तर ऐन मध्यभागी खुपसावी, कारण कड नेहमी आधी शिजते. तिला ओले बॅटर लागता कामा नये. दोनचार ओलसर कण लागले तर हरकत नाही. ब्राउनीची टूथपिक पूर्ण कोरडी निघेपर्यंत थांबणे म्हणजे ती वाळवणेच होय, तर चॉकलेटचा वितळलेला तुकडा लागला तर शिजलेला केकही कच्चा वाटतो. बेक केलेल्या चीजकेकला ही परीक्षा लावूच नये. त्याचा मध्य किंचित थरथरत असतानाच ओव्हन बंद करावा, कारण निवताना तो घट्ट होतो.

साध्या स्पंजसाठी बोटाने हलके दाबून पाहणे अधिक भरवशाचे: खळगा लगेच भरून यावा. थर्मामीटर वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की परदेशी कृतींत ९९ अंशांपर्यंतचे आकडे दिलेले असतात, परंतु समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते आणि ओलसर केकचा मध्य त्याहून अधिक तापत नाही. तेव्हा मध्यभागी ९५-९६ अंश दिसताच केक बाहेर काढावा.