मायलेज निम्मं झालं, ते एकट्या इथेनॉलमुळे?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज महिन्याभरात चार वेळा आला. त्याचा सारांश असा: ई20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे गाड्यांचं ॲव्हरेज निम्मं झालंय, गाडीत शोधण्यासारखं काही नाही, पहाटे पेट्रोल भरा, उतारावर न्यूट्रल करा, एअर फिल्टर बदला. यातलं सगळ्यात घातक वाक्य 'शोधण्यासारखं काही नाही' हे आहे.

आधी इथेनॉल. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलं तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत घट होते सहा-सात टक्के. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी हाच आकडा आहे. 2022 पासून आपण 10 टक्के मिश्रण वापरतच होतो, त्यामुळे तिथून पुढची घट त्याच्या निम्मी. जुन्या गाड्यांमधल्या रबरी भागांची काळजी रास्त आहे, साधं पेट्रोल मिळत नाही ही तक्रारही रास्त आहे. पण 'निम्मं' हे गणितात बसत नाही.

आमची गाडी लिटरला 17 किलोमीटरवरून 13 वर आली. इथेनॉलच्या खात्यावर जेमतेम एक किलोमीटर जातो. उरलेले तीन कुठे गेले? गाडी हायवेवर वीसेक किलोमीटर, ब्रेक फारसा न लावता चालवली, थांबवली आणि प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन पाहिला. मागचं डावं चाक तापलेलं. जॅकवर उचलून हाताने फिरवलं तर अडकत होतं. हँडब्रेक सोडल्यावरही ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. मेसेजवर विश्वास ठेवून बसलो असतो, तर तो ब्रेक तसाच घासत राहिला असता.

पहाटेचं पेट्रोल: थंडीत पेट्रोल आकसतं, म्हणून त्याच लिटरात जास्त मिळतं, असा त्यामागचा तर्क. पण तापमान एका अंशाने बदललं तर पेट्रोलचं आकारमान साधारण 0.1 टक्का बदलतं, आणि पंपाची टाकी जमिनीखाली असते. तिथे सकाळ-दुपारचा फरक नगण्य असतो.

न्यूट्रलचा सल्ला तर कुणी पाळूच नये. इंजेक्शनवाली (म्हणजे कार्ब्युरेटर नसलेली, आजची) गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंजिनाला जाणारं पेट्रोल बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. शिवाय बोरघाटात किंवा खंबाटकीत इंजिनाचा आधार गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी लागत नाही.

एअर फिल्टर वेळेवर बदलावाच. पण 'फिल्टर बदला, मायलेज वाढेल' हा कार्ब्युरेटरच्या काळातला नियम आता लागू होत नाही. फिल्टर चोंदला तर आजच्या गाडीचा पिकअप पडतो, ॲव्हरेज फारसं नाही.

मोजायचं कसं, ते मेसेजमध्ये नाहीच. टाकी ऑटो कटपर्यंत (पंपाचं नोझल आपोआप बंद होईपर्यंत) भरा, किलोमीटर लिहा, तीन-चारशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा आणि चाललेल्या किलोमीटरला या वेळी भरलेल्या लिटरने भागा. असं तीनदा. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा जास्तच दाखवतो. मग टायरची हवा, चाकं, आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा नेहमीच्या जागी पोचतो का ते बघा. थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारी झडप) उघडा अडकला तर इंजिन थंड राहतं आणि पेट्रोल जास्त पितं. पंपावर माप कमी मिळतंय अशी शंका असेल, तर 5 लिटरचं प्रमाणित माप मागून तुमच्यासमोर मोजून घ्या. तो ग्राहकाचा हक्क आहे.