आकडा ८५चा, पण हृदय कुणाचं?

सध्या एक मजकूर ग्रुपवरून ग्रुपवर फिरतोय: "उंदराची आणि माणसाची जनुकं ८५ टक्के सारखी. म्हणजे उंदराचं हृदय ही आपल्याच हृदयाची छोटी प्रत. तिथे लागू पडलेलं औषध इथेही लागू पडणारच, मग उशीर कशाला?"

"८५ टक्के सारखी." आकडा खोटा नाही. प्रथिनं घडवणाऱ्या डीएनएच्या भागांतली अक्षरं सरासरी एवढी जुळतात. पण कोणतं जनुक कुठल्या अवयवात, कोणत्या वयात, किती वापरलं जातं, हे त्यात येतच नाही. दोन घरांच्या फडताळात तेच मसाले असले म्हणून आमटी सारखी होत नाही.

"छोटी प्रत." खरी गोम इथे आहे. हृदयाचं आकुंचन घडवणारं प्रथिन म्हणजे मायोसिन. त्याची हृदयात दोन भावंडं असतात, अल्फा आणि बीटा. त्यांची जनुकं शेजारीशेजारी बसलेली, माणसात १४व्या गुणसूत्रावर आणि योगायोगाने उंदरातही १४व्याच. रचना ९० टक्क्यांहून जास्त सारखी. स्वभाव मात्र वेगळे: अल्फा चपळ आणि उधळा, बीटा संथ आणि काटकसरी. प्रौढ उंदराच्या जवनिकेत (रक्त बाहेर ढकलणाऱ्या हृदयाच्या खालच्या कप्प्यात) जवळजवळ सगळं अल्फा, आपल्या जवनिकेत बहुतेक सगळं बीटा. मिनिटाला ५००-६०० ठोके मारणाऱ्या हृदयाला बीटा परवडणार कसं? गंमत म्हणजे जन्माआधी उंदरातही बीटाच जास्त असतं. जन्मानंतर थायरॉइडचं संप्रेरक वाढतं आणि पारडं अल्फाकडे झुकतं. थायरॉइड मंदावला की पुन्हा बीटा डोकं वर काढतं.

हा फरक कागदावरचा नाही. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक आजारात बीटा-मायोसिनमधल्या ४०३व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन (दोन्ही प्रथिनाच्या साखळीतले मणी, म्हणजे अमिनो आम्लं) येऊ शकतं, हे १९९०मध्ये कळलं. १९९६मध्ये तोच बदल उंदरात केला गेला, पण अल्फामध्ये, कारण त्याचं हृदय चालतंच अल्फावर. पुढे रेणू तपासले तेव्हा दिसलं की या बदलाने अल्फाची चाल वाढते, बीटाची तशी वाढत नाही. चूक तीच, परिणाम वेगळा! म्हणून अशा कामाला ससा बरा, त्याच्या जवनिकेत मुख्यतः बीटा असतं.

"औषध लागू पडणारच." सिसाप्राइड हे पोटाचं औषध आठवतंय? हृदयाच्या पेशींतली पोटॅशियमची एक वाहिनी (पोटॅशियमची ये-जा होते ती वाट) ते अडवायचं, ठोक्यांची लय बिघडायची. भारतात २०११मध्ये त्यावर बंदी आली. त्या वाहिनीचं जनुक उंदरातही आहे, पण प्रौढ उंदराच्या जवनिकेचं तिच्यावाचून फारसं अडत नाही. त्यामुळे असा धोका तिथे दिसेलच याचा भरवसा नाही.

यावर "मग उंदरांवरचे प्रयोगच बंद करा" म्हणणारेही भेटतात. तेही चूकच. थायरॉइडचा तो खेळ बराचसा उंदीर-घुशींच्या कुळातच उलगडला. आणि "उशीर कशाला" याचं उत्तर साधं आहे: उंदरानंतर ससा, गिनीपिग किंवा कुत्रा अशा प्राण्यांच्या हृदयावरही औषध सहसा तपासलं जातं, त्याला वेळ लागतो.