तीनशे रुपयांत दहा हजार लुमेन?

सध्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सायकलला महागडे लाइट घेऊ नका, तीनशे रुपयांची ‘दहा हजार लुमेन’वाली टॉर्च हँडलला बांधा, ब्लिंकवर टाका, मागे रिफ्लेक्टर आहेच. महागडे घेऊ नका, हे पटलं. बाकीचं नाही.

आधी लुमेन, म्हणजे दिवा एकूण किती उजेड देतो त्याचं माप. असल्या टॉर्चमध्ये बहुतेक एकच 18650 सेल (बोटाएवढा, रिचार्ज होणारा लिथियम सेल) असतो. अस्सल, उत्तम सेलची क्षमता साधारण 3500 एमएएच, म्हणजे जवळपास 13 वॉट-अवर, तेरा वॉटचा दिवा तासभर चालेल एवढी. एलईडीने वॉटमागे शंभर-सव्वाशे लुमेन दिले असं धरलं तरी दहा हजारांसाठी 80 ते 100 वॉट लागतील. सेल दहा मिनिटंही टिकणार नाही आणि टॉर्च तापून हातात धरवणार नाही. सेलवर 9900 एमएएच छापलेलं दिसलं, तर ती सरळ थाप समजा. ताशी 15 किलोमीटरला ब्रेक दाबून थांबेपर्यंत आठ-नऊ मीटर जातात. तेवढा रस्ता नीट दाखवायला खरे दोन-तीनशे लुमेन भरपूर झाले. फक्त झोत खाली झुकवा. पाच मीटरवरच्या भिंतीवर त्याचा मध्य दिव्याच्या निम्म्या उंचीवर पडला पाहिजे, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात.

ब्लिंक गावात ठीक. शेतरस्त्यावर पुढचा लाइट लुकलुकता ठेवला की खड्डा क्षणभर दिसतो आणि गायब होतो.

आणि ‘रिफ्लेक्टर आहेच’ हे तर सगळ्यात घातक. त्याला स्वतःचा उजेड नसतो, मागच्याचा उजेड पडला तरच तो चमकतो. सेकंड शिफ्ट सुटल्यावर भुसावळकडे येताना कापसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर मागून आला. हेडलाइट एकच, तोही आभाळाकडे. माझा रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. हातभर अंतरावरून गेला, पुढे थांबला आणि वर मलाच ओरडला, “माले तू दिखनाच नही, भो!” खोटं बोलत नव्हता बिचारा.

म्हणून पैसे कमी असतील तर आधी मागचा लाल दिवा घ्या, पुढचा दिवा पगार झाल्यावर. मी तो सीटखाली लावला होता, पण कॅरिअरवरच्या डब्याच्या पिशवीने झाकला जायचा. आता मडगार्डवर, पिशवीच्या खाली बसवलाय.