केवळ उंचीचा तक्ता पुरेसा नाही

वय वाढलेल्या स्त्रियांनी रोड सायकलच्या (पक्क्या रस्त्यावर वेगाने चालवायच्या, खाली वळलेल्या हँडलच्या सायकलच्या) फ्रेमचे माप उंचीच्या तक्त्यावरून ठरवावे, हा सायकल निवडीवरील लेखातील सल्ला मला अपुरा वाटतो. सारख्याच उंचीच्या दोघींचे पाय, धड आणि हात यांची लांबी वेगळी असू शकते; शिवाय कंबर आणि मान यांची लवचिकता कमी झालेली असेल, तर हँडल किती दूर आणि किती खाली आहे, हेच निर्णायक ठरते. म्हणून एन्ड्युरन्स प्रकारची, म्हणजे हँडल थोडे उंच व जवळ असणारी फ्रेम आधी पाहावी. तरीही हात ताणले जात असतील, तर स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमच्या पुढच्या भागाला जोडणारा छोटा दांडा, १० ते २० मिलिमीटरने आखूड घ्यावा. त्यासाठी सीट पुढे सरकवू नये, कारण त्यामुळे गुडघ्यांवरील ताण वाढू शकतो. सीटची रुंदी बैठकीच्या हाडांमधील अंतरानुसार निवडावी. जाड, मऊ गादी पहिल्या काही मिनिटांपुरतीच सुखावह असते (आणि दुकानात परीक्षा नेमकी तेवढीच होते). ब्रेकच्या लिव्हरचा लेखात उल्लेखही नाही, याचे आश्चर्य वाटले. संधिवाताने बोटे आखडत असतील, तर लिव्हर हँडलजवळ आणता येणारे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक (द्रवाच्या दाबावर चालणारे, त्यामुळे बोटांना कमी जोर लावावा लागणारे) ही माझ्या मते पहिली अट असावी, रंग आणि वजन त्यानंतर.