स्वस्त विडीने कुणाचं पोट भरतं?

विडीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आणायचं सप्टेंबर २०२५ मध्ये ठरलं, तेव्हापासून घरच्या ग्रुपवर माझं आणि मामेभावाचं जुंपलेलं आहे. त्याच्या मते हा गरिबाला दिलासा. विडी महागली तर सोलापूरच्या बायकांनी खायचं काय? आणि पुढे नेहमीचं: "तिकडे मेलबर्नला बसून तुला काय कळतंय?"

सोलापुरात अशोक चौकाजवळ आमच्या समोर राहणाऱ्या अक्का दिवसाला हजार विड्या वळायच्या, एवढं मला कळतं. ओली तेंदूची पानं, कात्री, मांडीवर सूप. शाळेतून आल्या की मुली दोरे बांधायला बसत. घरभर तंबाखूचा खकाणा आणि खोकला सगळ्यांनाच. मजुरी हजारावर ठरलेली, त्यातही वाईट म्हणून काढून टाकलेल्या विड्या मोजल्या जात नसत. विडी स्वस्त राहिली म्हणून अक्कांच्या हातात चार पैसे जास्त पडले, असं मी कधी पाहिलं नाही.

१९७६ च्या कायद्याने विडीवर उपकर होता. त्यातून विडी कामगारांचे दवाखाने आणि त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकरच गेला. सिगारेटवर भरपाई उपकर बसला, विडी त्यातूनही सुटली. तेव्हा या बायकांची आठवण किती जणांना झाली?

इथे ऑस्ट्रेलियात वीस सिगारेटचं पाकीट चाळीस डॉलरच्या वर गेलं आहे. २०१२ च्या डिसेंबरपासून सगळी पाकिटं एकाच मळकट रंगाची, आणि २०१३ ते २०२० दरवर्षी अबकारीत साडेबारा टक्के वाढ. आमच्या साइटवर स्मोकोला, म्हणजे कामाच्या मधल्या सुट्टीत, खरोखर सिगारेट ओढणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. या माणसांना आपल्यापेक्षा शिस्त जास्त आहे, हे मला अजिबात मान्य नाही. खिशाला चटका बसला की कुठलाही माणूस हात आवरतो.

मामेभावाने लगेच इथल्या जळालेल्या दुकानांच्या बातम्या टाकल्या. खरं आहे, चोरट्या सिगारेटींच्या धंद्यावरून टोळ्यांनी २०२३ पासून दुकानं पेटवायचा सपाटा लावला आहे. त्याचा बंदोबस्त पोलिसांनी करावा. त्यासाठी विडी स्वस्त का करायची?

मेलबर्नच्याच व्हिक्टोरिया राज्यात, मर्टलफर्ड गावाच्या बाजूला, तंबाखूची शेती होती. २००६ मध्ये शेतकऱ्यांना मोबदला मिळून ती बंद झाली. ते मूठभर होते आणि विडी वळणाऱ्या बाया लाखो आहेत, हा मामेभावाचा मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच पैसा जास्त लागेल, आणि तो विडीवरच्या करातूनच काढून थेट त्या बायांच्या खात्यात, त्यांच्या दुसऱ्या कामाच्या शिक्षणात गेला पाहिजे. आपल्याकडे असं काही होतच नाही, असंही नाही. त्याच २००६ मध्ये सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली. केंद्राचा, राज्याचा आणि त्यांचा स्वतःचा पैसा लागला, वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले, पण घरं झाली.

नागरिकत्व बदललं तेव्हा माझं सोलापूरचं मत गेलं. मामेभाऊ हे उघड बोलत नाही, पण त्याच्या प्रत्येक उत्तरात ते असतं आणि मला ते लागतं. इथे मत दिलं नाही तर दंड भरावा लागतो, तरी इथल्या वेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, वादात मी कधी तोंड उघडलेलं नाही. विडीचा विषय निघाला की मात्र रात्री जागून उत्तरं लिहितो. ते गाव माझं राहिलंय की नाही, हे त्याने ठरवायचं नाही.

अक्कांच्या धाकटीच्या मांडीवर आता तेच सूप आहे. गेल्या खेपेला भेटली तेव्हा म्हणाली, "दादा, दुसरं काम द्या, उद्यापासून सोडते." मामेभाऊ अजून त्याच गल्लीत राहतो. विडी वळणाऱ्या बायकांच्या वतीने बोलण्याआधी त्याने तिला एकदा विचारावं.