थोरच्या बकऱ्या आणि आमची मंडई

परवा मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री भाच्याशी वाजलं. पोरगा सतरा वर्षांचा, नागपुरात राहतो. दिवाळीत मामाच्या गावी आला की पहिले दोन दिवस त्याला कंटाळा येतो आणि तिसऱ्या दिवशी तो परत जायला तयार नसतो. नाटकाच्या पेंडॉलबाहेर आम्ही आलूबोंडे खात उभे होतो. माईकवर "तिकिटं घ्या, जागा धरा" चालू होतं. आणि हा हॉलिवूडच्या थोर या सुपरहिरोबद्दल म्हणतो, "मामाजी, मार्व्हलवाल्यांनी थोरची पार वाट लावली. सुपरहिरोच्या सिनेमात कॉमेडी घातली का तो मेलाच समजा."

मी म्हटलं, थांब बाबू. ज्या पेंडॉलसमोर उभा राहून तू हे बोलून राहिला, तिथं आज रात्री एक बाई मरणार आहे, एका पोरीचं लग्न मोडणार आहे, आणि मधेमधे एक माणूस ढगळी चड्डी घालून येऊन लोकांना पोट धरून हसवणार आहे. सकाळी पाचपर्यंत. उद्या चहाच्या टपरीवर कोणी म्हणणार आहे का, की नाटक मेलं?

त्यानं फोनमधे डोकं घातलं. माझं डोकं मात्र तिथंच अडकलं, म्हणून ही पोस्ट. लांब होणार आहे. धान कापून बांधीत पडलं आहे, मजूर उद्या येणार, आज मला वेळ आहे.

आमचा भाग ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, दिवसा दंडार (आमचं लोकनाट्य) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री नाटक. नाटक कंपन्यांचं माहेर गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. तिकीट काढून लोक रात्रभर तणसावर चादर टाकून बसतात, लेकरं तिथंच झोपतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. लोकांच्या तोंडी त्यांचं नाव आहे ते मुख्यतः विनोदी कामासाठी.

आता थोर. भाच्याचा राग आहे तो २०२२ च्या 'थोर: लव्ह अँड थंडर'वर. पण त्याच दिग्दर्शकाचा, तायका वायटीटीचा, २०१७ चा 'थोर: रॅग्नरॉक' त्याला तोंडपाठ आहे, आणि कॉमेडी त्यातही काही कमी नाही. त्याआधीचे थोरचे दोन सिनेमे, २०११ चा आणि २०१३ चा, म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमधे ऐतिहासिक नाटक करणाऱ्या पोरांसारखे होते, छाती फुगवून बोलायचं आणि घाम गाळायचा. वायटीटीनं आल्या आल्या त्या राजपुत्राचा हातोडा फोडला, केस कापले, त्याला एका कचऱ्याच्या ग्रहावर फेकला आणि तिथल्या आखाड्यात लढायला लावला. रंग असे की आमच्या मंडईतल्या पाळण्यालाही लाज वाटावी. इंग्रजीत याला 'कॅम्प' म्हणतात: सगळं भडक, फुगवलेलं, आणि आपण जरा जास्तच करतोय हे करणाऱ्यालाही ठाऊक. आमच्याकडे 'गंमत' हा शब्द पुरतो. खडी गंमत नावाची अख्खी कलाच आहे इथं, ढोलकीवर पुरुष लुगडं नेसून नाचतो आणि समोरचा पाटील पैसे उधळतो.

सुपरहिरोवाल्यांना या गंमतीची भीती बसलेली आहे, त्यालाही कारण आहे. १९९७ साली 'बॅटमॅन अँड रॉबिन' आला. त्यात बॅटमॅनच्या बुटातून बर्फावर घसरायच्या पट्ट्या निघतात आणि कमरपट्ट्यातून स्वतःचं क्रेडिट कार्ड. लोक इतके भडकले की पुढचा बॅटमॅन यायला २००५ उजाडलं. तो आला तो एकदम गंभीर, ख्रिश्चन बेलचा. हाच ख्रिश्चन बेल 'लव्ह अँड थंडर'मधे देवांना मारत सुटलेला खलनायक आहे. हे सहज सांगितलं, पुढे कामी येईल.

तर भाच्याला मी विचारलं, थोरला गंमत शोभत नाही हे तुला कोणी सांगितलं? ज्या नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लोकांचा तो देव, त्यांच्या जुन्या काव्यात एक गोष्ट आहे. थ्रिम नावाचा राक्षस थोरचा हातोडा चोरतो, जमिनीत खोल पुरतो आणि म्हणतो, फ्रेया देवी बायको म्हणून द्या, मग हातोडा परत. फ्रेया साफ नाही म्हणते. शेवटी देव ठरवतात की थोरलाच नवरी करून पाठवायचं. डोक्यावरून पदर, गळ्यात हार, कमरेला किल्ल्या, आणि सोबत करवली म्हणून लोकी हा लबाड देव. लग्नाच्या पंगतीत नवरी एक अख्खा बैल आणि आठ सामन मासे फस्त करते. राक्षस घाबरतो, अशी कशी ही नवरी? लोकी सांगतो, तुमच्या ओढीनं आठ रात्री जेवली नाही हो बिचारी. पदराआड डोळे आगीसारखे दिसतात, तर म्हणे आठ रात्री झोपलीही नाही.

हे ऐकून भाचा हसला. मी म्हटलं, आपल्या दंडारीतला कीचकवध आठव. लुगडं नेसलेला भीम, मिशा पदरात लपवून बसलेला. फरक किती, तर बैलाचा आणि माशांचा.

पण त्या गोष्टीचा शेवट बघा. नवरीला आशीर्वाद म्हणून हातोडा आणतात आणि तिच्या मांडीवर ठेवतात. हातोडा हाती आला त्या क्षणी गंमत संपते. थोर राक्षसाला आणि त्याच्या सगळ्या गोताला तिथंच ठेचतो. त्यानंतर एकही विनोद नाही. कुठं थांबायचं हे त्या जुन्या कवीला कळत होतं.

माझं भांडण एवढ्याच एका गोष्टीशी आहे, थांबण्याशी.

चारेक वर्षांपूर्वी बाजूच्या गावी पाहिलेलं एक नाटक सांगतो. रात्रीचे दोन वाजून गेलेले, थंडी मरणाची, पेंडॉलच्या कडेला शेकोट्या. दुसऱ्या अंकात घरातली म्हातारी मरते. पोरगा तिच्या पायाशी बसलेला. ऑर्गनवाल्यानं एकच सूर धरून ठेवलेला. आणि विंगेतून विनोदी नट येतो, या घरचा गडी. पहिल्या अंकात त्यानं एवढं हसवलेलं की त्याची ती फेंगडी चाल दिसताच लोक हसायला लागले. सवयीनं. माझ्या शेजारची बाई डोळे पुसता पुसता हसली. तो तीन-चार पावलं तसाच आला. मग त्याला खाटेवरची म्हातारी दिसली. तो थांबला, हळूच वाकला, पायातल्या चपला काढल्या आणि हातात धरून उभा राहिला. बस. पेंडॉलमधलं हसू असं विझलं जसं कोणी फ्यूज काढला. दोनेक मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग तो आत गेला, चहा घेऊन आला, पोरासमोर ठेवला आणि म्हणाला, "साखर दोन चमचे जास्त टाकली जी. बुढी मनायची, पोराले माया गोड लागते." लोक हसले पण आणि रडले पण. हजारभर माणूस एकदम.

त्या माणसाची रात्रीची बिदागी किती असेल, तुम्हीच अंदाज करा.

आता 'लव्ह अँड थंडर'. सिनेमाची सुरुवात काय आहे? वाळवंटात एक बाप लेकीला उचलून चालतोय, देवाचा धावा करतोय, आणि लेक मरते. पुढे देव भेटतो तर तो खिदळत बसलेला. ख्रिश्चन बेलनं हे काम असं केलं आहे की आमच्याकडच्या कुठल्याही कास्तकाराला तो माणूस ओळखू येईल. पावसाकडे बघत बसलेला माणूस. पाठोपाठ जेन. थोरची प्रेयसी, शास्त्रज्ञ, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात. केमो घेत असते आणि शेजारच्या पेशंटला त्याच्याच पुस्तकाचं पान दुमडून अंतराळातला बोगदा समजावून सांगते. तुटलेला हातोडा तिच्याकडे ओढला जातो, कारण थोरनं त्याला कधीतरी सांगितलेलं असतं, हिला जप. आणि तो हातोडा उचलला की ती देवासारखी ताकदवान होते, पण तेवढ्यानंच तिची औषधं वाया जातात आणि शरीर आणखी खंगतं.

सांगा, यापेक्षा जबर गोष्ट कोणाला सुचेल? आणि या गोष्टीच्या मधे बकऱ्या. दोन राक्षसी बकऱ्या, थोरची नाव ओढतात आणि माणसासारख्या किंचाळतात. पहिल्यांदा मी खुर्चीतून पडायचा राहिलो, खोटं कशाला बोलू. आमच्या गोठ्यातली काळी बकरी पाऊस आला की हुबेहूब तशीच ओरडते. पण पाचव्यांदा तेच. सहाव्यांदा तेच. थोरची नवी कुऱ्हाड त्याच्या जुन्या हातोड्यावर जळते, हा विनोद वेगळा. ग्रीकांचा देव झ्यूस थोरचे कपडे उडवतो, तो वेगळा. प्रत्येक वेळी कोणी रडायच्या बेतात असलं की विंगेतून फेंगडी चाल आलीच म्हणून समजा. आणि येणारा चपला काढत नाही.

बकऱ्यांचीही मूळ गोष्ट आहे बरं का. तेराव्या शतकात आइसलँडमधे लिहिलेल्या ग्रंथात थोर आपल्या बकऱ्या कापून पाहुणचार करतो. अट एकच, हाडं न मोडता कातड्यावर ठेवा. सकाळी हातोडा फिरवला की बकऱ्या जिवंत. एका शेतकऱ्याचं पोरगं गुपचूप नळी फोडून आतला ऐवज चोखतं आणि सकाळी एक बकरी लंगडी निघते. नळीच्या मोहात देवाची बकरी लंगडी करणारं ते पोरगं आमच्याच तालुक्यातलं असणार. ही गंमत का नाही घेतली सिनेमात? यात भूकही आहे, भीतीही आहे.

माझ्या रागाचं खरं कारण सांगून टाकतो. २०२१ मधे आईची केमो झाली, नागपुरात. बहिणीकडे राहायचो. वॉर्डात आईच्या बाजूला अमरावतीकडची एक बाई होती, केस सगळे गेलेले. दर वेळी टकलावरून हात फिरवून म्हणायची, "तेल वाचलं, फणी वाचली, सासूचं बोलणंही वाचलं." सगळा वॉर्ड हसायचा, सलाईनचे स्टँड हलायचे. त्यामुळे कॅन्सरच्या गोष्टीत विनोद नको, असं मला कोणी सांगू नये. तिथं विनोद असतोच. तो आजाऱ्याच्या तोंडून येतो आणि शेजारी बसून राहतो, पळून जात नाही. 'रॅग्नरॉक'मधला एक गाजलेला विनोद आठवतो का? आखाड्यात समोर आपला जुना साथीदार, हिरवा धिप्पाड हल्क आलेला बघून थोर आनंदानं ओरडतो, हा तर माझ्या ऑफिसातला मित्र. ते वाक्य सेट बघायला आलेल्या एका आजारी मुलानं सुचवलेलं, थोर करणाऱ्या ख्रिस हेम्सवर्थनंच हे सांगितलं होतं.

आणि वायटीटीला थांबता येत नाही असंही नाही, दुखणं ते आहे. 'जोजो रॅबिट' त्याचाच, २०१९ चा, पटकथेसाठी ऑस्कर मिळालेला. त्यात तो स्वतः हिटलर बनून त्याची टवाळी करत हुंदडतो, आणि मग एका चौकात जोजो नावाच्या पोराला फाशी दिलेल्या आईचे फक्त बूट दिसतात. तिथं सिनेमा गप्प बसतो. 'रॅग्नरॉक'मधेही थोरचं गाव, अ‍ॅसगार्ड, गेल्याचं दुःख खरं होतं. अ‍ॅसगार्ड म्हणजे ती जागा नाही, तिथली माणसं, असं बाप थोरला सांगतो. माझ्या मामाचं गाव धरणात गेलं. पुनर्वसनात घराचे नंबर मिळाले, शेजार नाही मिळाला. ते वाक्य ऐकताना मी हॉलमधे मामाचा चेहरा आठवत बसलो होतो. लगेच पुढे थोरचा दगडी मित्र कोर्ग म्हणतो की पाया शाबूत आहे, पुन्हा बांधता येईल, आणि पायाही उडतो. मला हसू आलं, थोडा रागही आला. पण तो विनोद त्या दुःखाबद्दलच होता, हे मान्य करावं लागेल.

कमाईत फार फरक पडला नाही. 'रॅग्नरॉक'नं जगभरात ८५ कोटी डॉलर मिळवले, 'लव्ह अँड थंडर'नं ७६. पण हेम्सवर्थनं पुढे मुलाखतीत कबूल केलं की आपण त्या टवाळीत वाहवत गेलो आणि स्वतःचीच नक्कल होऊन बसलो.

मी तो सिनेमा पाहिला तोही योगायोगानं. २०२२ च्या जुलैत आईला नागपुरात तपासणीला नेलं होतं, इकडे वैनगंगेला पूर आला, परतीचा रस्ता बंद. भाच्यानं ओढत नेलं. हिंदी डबिंग. बाहेर आलो तेव्हा तो बकरीसारखा ओरडत होता आणि मी त्याच्याशी बोललो नाही. आज तोच म्हणतो वाट लावली, आणि मी बसलोय कॉमेडीची बाजू घेऊन.

मंडईहून पहाटे आलो. दुपारी भाच्यानं हट्टानं आईला फोनवर तो सिनेमा दाखवला. मी नको म्हणत होतो. आई आता बरी आहे, केस आले आहेत, पण मला धाकधूक. आईनं केमोचा सीन बघितला आणि पहिलं वाक्य काय, "हे खुर्ची बरी आहे, आपली टोचत होती." बकऱ्या आल्या तेव्हा ती एवढी हसली की शेजारची बाई बघायला आली. शेवटी जेन थोरच्या हातांवर मरते, तिचं शरीर सोन्याच्या धुळीसारखं उडून जातं आणि सिनेमा लगेच पुढच्या गोष्टीकडे धावतो. आई जरा वेळ फोनकडे बघत राहिली.

"मरायलेही टाइम नाही देला बाईले," म्हणाली.

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी काहीच बोललो नाही. आईनं चष्मा पुसला आणि फोन त्याच्याकडे सरकवला, "ते बकऱ्याचं पुन्हा लाव रे बाबू."

लावलं.