अपसव्य

जपानहून परतून पंधरा दिवस झाले, तरी सहलीच्या व्हॉट्सॲप समूहावरचे एक छायाचित्र माझा पिच्छा सोडायला तयार नाही. छायाचित्रात मी आहे, आणि त्याखाली आमच्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी लिहिलेला मजकूर एकाच अक्षराचा आहे : "कै."

प्रसंग हाकोनेचा. सकाळी आम्ही डोंगरी आगगाडीने वर चढलो. १९१९ पासून धावणारी ही गाडी उभ्या चढामुळे वाटेत तीन ठिकाणी थांबते, चालक आणि गार्ड आपापल्या टोकांची अदलाबदल करतात आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागते. "हे आपल्या खंडाळ्याच्या घाटात १९२९ पर्यंत होते," असे सांगून त्या गृहस्थांनी पहिल्या तासातच जपान निकालात काढला. ओवाकुदानीला गंधकाच्या वाफांमध्ये उभे राहून आम्ही तिथली सुप्रसिद्ध काळी अंडी खाल्ली. गरम झऱ्याच्या पाण्यात उकडल्यामुळे त्यांचे कवच काळेकुळकुळीत होते, आणि एका अंड्याने आयुष्य सात वर्षांनी वाढते अशी तिथली समजूत आहे. मी दोन खाल्ली. ३,७७६ मीटर उंचीचा फुजी पर्वत दिवसभर ढगांआड राहिला. आशी सरोवरातले चाच्यांच्या गलबतासारखे सजवलेले जहाज आणि पाण्यात उभी असलेली लाल कमान यांवर समाधान मानून आम्ही दुपारी रियोकानमध्ये, म्हणजे पारंपरिक अतिथिगृहात, दाखल झालो.

आमच्या खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या बाई सत्तरीच्या असाव्यात. उंचीने त्या माझ्या कोपरापर्यंत येत होत्या, परंतु गुडघे टेकून, कपाळ तातामीच्या चटईला लावून त्यांनी असे काही स्वागत केले की आपण लग्नातले व्याही आहोत असे मला वाटू लागले. त्यांच्या गळ्यात भाषांतराचे एक यंत्र लटकत होते. आम्ही भारतीय आहोत हे कळल्यावर त्यांनी ते मोठ्या कौतुकाने हिंदीवर लावले. त्या चिमणीसारख्या आवाजात चार शब्द बोलत, लवून नमस्कार करत, आणि मग यंत्रातली बाई आकाशवाणीच्या सुरात ते जाहीर करी.

गरम पाण्याच्या सामायिक कुंडात सर्वांसमक्ष विवस्त्र उतरावे लागते, त्याबद्दल मी काहीही लिहिणार नाही. त्यानंतर खोलीत ठेवलेला युकाता नावाचा सुती झगा मी अंगाभोवती गुंडाळला, पट्टा आवळला आणि आरशात पाहून प्रसन्न होऊन भोजनगृहाकडे निघालो. दारातच बाईंनी मला पाहिले. त्यांच्या हातातले तबक थरथरले. ते त्यांनी बाजूला ठेवले, यंत्र तोंडाशी धरले, काहीतरी पुटपुटल्या आणि कमरेत वाकल्या.

"सम्माननीय अतिथि," यंत्र म्हणाले, "आप मर चुके हैं।"

भोजनगृहात आमचे अठ्ठावीस सहप्रवासी बसलेले होते. मी यंत्राजवळ तोंड नेऊन, माझी प्रकृती उत्तम असल्याचे शक्य तितक्या शुद्ध हिंदीत सांगितले. बाईंनी ते लक्षपूर्वक ऐकले आणि त्यांच्या चेहऱ्यावरची करुणा आणखी वाढली. आपण गेलो आहोत हे न कळलेल्या जीवाशी बोलावे तशा समजुतीच्या स्वरात त्या पुन्हा बोलल्या.

"नहीं। दायाँ ऊपर, मृत। बायाँ ऊपर, जीवित। कृपया शीघ्र जीवित हो जाइए।"

आणि मी जीवित होण्याची वाट न पाहता त्यांनी स्वतःच माझा पट्टा सोडला. आत मी बनियन आणि चट्ट्यापट्ट्यांची चड्डी घातलेली होती, ही पूर्वजांची पुण्याई. माझी उजवी बाजू आत, डावी वर, दोन झटके, एक गाठ, पाठीवर एक थाप, असे माझे पुनरुज्जीवन अर्ध्या मिनिटात उरकले. छायाचित्र मात्र त्याच्या आधीचे आहे.

"अहो, तुमचे अपसव्य झाले होते," सौभाग्यवती शांतपणे म्हणाली. तिचे म्हणणे खरे होते, आणि राग त्याचाच आला. डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे येणारे ते सव्य, उजव्या खांद्यावरून डावीकडे जाणारे ते अपसव्य, आणि ते पितरांच्या कार्यापुरते, हे मी मुंजीपासून ऐकत आलो आहे. जपानमध्ये ७१९ सालच्या राजाज्ञेने सर्वांना डावी बाजू वर ठेवण्याची शिस्त घालून दिली आणि उलटी पद्धत प्रेतासाठी उरली. आमच्या प्रवासी कंपनीने मात्र चकल्या किती न्याव्यात, मोजे भोक नसलेले असावेत इथपर्यंत चार पाने सूचना देऊनही, आपल्याच श्राद्धाच्या पोशाखात जेवायला जाऊ नये, हे लिहिण्याची तसदी घेतली नव्हती.

पुढे जेवताना चष्मा पुसायचा होता म्हणून मी काड्या भातात उभ्या रोवल्या. बाई धावत आल्या. यंत्राने जाहीर केले, "यह भोजन मृतक का है।" मृताच्या उशाशी ठेवायच्या भातात काड्या अशा उभ्या खोचतात म्हणे. मी त्या मुकाट्याने काढल्या. एव्हाना शेजारच्या मेजावर हसण्याची उबळ आवरली जात नव्हती.

पाहुण्याला काय हवे ते त्याने मागण्यापूर्वीच ओळखणे, हे जपानी आदरातिथ्याचे मर्म असल्याचे सगळीकडे सांगतात, आणि चहा, गरम रुमाल, गादी यांच्या बाबतीत ते तंतोतंत खरे निघाले. परंतु आपल्याकडे पाहुण्याला पोट फुटेपर्यंत आग्रह होत असला, तरी त्याने भाताची मूद वरणात बुडवली म्हणून कोणी यजमान त्याला उठवून कपडे बदलायला लावत नाही. इथे मी भरभक्कम पैसे मोजून परीक्षेला बसलो होतो, तेही सहा म्हणजे सहाच्या ठोक्याला, आणि तोंडी परीक्षेत सर्वांसमक्ष नापास होत होतो.

रात्री, पहाटे डोळे उघडताच फुजी दिसावा म्हणून मी अंथरूण ओढून उशी खिडकीखाली सरकवली. पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या बाई उंबऱ्यातच थबकल्या आणि त्यांचा हात यंत्राकडे गेला. खिडकी उत्तरेला होती. बुद्धाचे महापरिनिर्वाण उत्तरेकडे डोके करून झाले, म्हणून तिथे प्रेताचे डोके उत्तरेला ठेवतात. दक्षिणेकडे पाय करून झोपू नये, हे माझी आजी रोज रात्री सांगत असे. यंत्राने तोंड उघडण्यापूर्वीच मी उठून उशी फिरवली. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी तीनदा वाकून नमस्कार केला.

पहाटे फुजी दिसला नाही.

परवा त्या गृहस्थांना मी खाजगीत, अत्यंत सभ्य शब्दांत, छायाचित्र काढून टाकण्याची विनंती केली. उत्तरादाखल त्यांनी जोडलेल्या हातांचे चिन्ह पाठवले आहे, आणि ते क्षमायाचनेचे की श्रद्धांजलीचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.